माझ्या डाव्या हाताची शिकवणी

अठ्ठ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात, शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत, मी गोळा फेकून दाखवला. खरं तर काही गरज नव्हती. मी पी.टी.चा शिक्षक, वय सत्तेचाळीस, पोट सुटलेलं, गळ्यात शिट्टी. पोरं आपापली बरी फेकत होती. पण मांडवात पाहुणे बसलेले दिसले आणि मला राहवलं नाही. ‘‘थांबा रे,’’ म्हणालो, ‘‘फेक कशाला म्हणतात ते बघा.’’ शर्टाची बाही वर केली, गोळा मानेपाशी घेतला, एक गिरकी मारली आणि खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं. गोळा माझ्याच बुटापासून वीतभर अंतरावर पडला. एका पाहुण्याला तो नमुनाच वाटला असावा, त्यानं टाळ्या वाजवल्या. मी हसत हसत मांडवामागं गेलो आणि तिथं खाली बसलो.

हाडाच्या डॉक्टरांनी उजवा हात सहा आठवडे गळ्यात बांधायला सांगितला. त्यानंतरही चार-पाच महिने फेकाफेकी बंद.

‘‘पण डॉक्टर, मी रविवारी मासे धरायला जातो,’’ मी म्हणालो.

‘‘मग डाव्या हातानं जा,’’ ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्यांनी ते उगाच म्हटलं होतं. मी मात्र मनावर घेतलं.

आता युसूफभाईंबद्दल सांगायला पाहिजे. गुलमंडीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, एक माणूस बसेल आणि दुसऱ्यानं बाहेर उभं राहावं एवढं. आमची ओळख माझ्या स्टॉपवॉचमुळं झाली. ते बंद पडलं म्हणून नेलं, तर त्यांनी डोळ्यावरची भिंगाची डबी काढून विचारलं, ‘‘सर, पाण्यात पडलं होतं का?’’ पडलं होतं. मासे धरताना पडलं होतं. त्यावरून जे बोलणं सुरू झालं ते बारा वर्षं चाललं होतं. दर रविवारी सकाळी ते लूनावर पडेगावला आमच्या घरी यायचे, आशाबाईच्या हातचा चहा घ्यायचे, आणि आम्ही दोघं तळ्यावर जायचो. आशाबाई म्हणजे माझी बायको.

तळं म्हणजे पाझर तलाव, बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खोदलेला. आमच्या घरापासून दौलताबादच्या अंगाला पाऊण तास चालत. खोदाईत एक जुनी बांधीव विहीर मध्ये आली होती, ती तशीच पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की विहिरीच्या कडेचे दगड वर दिसायचे, गोल, एखाद्या बुडालेल्या डोक्यावरच्या पगडीसारखे. मोठे मासे त्या विहिरीत उतरून बसायचे. विहिरीत गळ टाकायचा तर काठावरच्या एकाच खडकावरून तो पोचायचा, आणि त्या खडकाच्या उजव्या अंगाला बाभूळ वाकलेली. उजव्या हातानं काठी मागं नेली की गळ थेट काट्यात.

युसूफभाई त्या खडकावर उभे राहायचे, काठी डाव्या हातात घ्यायचे आणि टुप्. गळ विहिरीत. दुसरीकडं गेले की उजव्या हातात. मी बारा वर्षं ते बघत होतो आणि बारा वर्षं म्हणत होतो की डाव्या हाताला ताकद कमी असते, त्यामुळं ते मला आवडत नाही.

‘‘तुम्ही कधी शिकला?’’ मी एकदा विचारलं होतं.

‘‘निजामावर पोलीस ॲक्शन झाली ना सर, त्या साली,’’ ते म्हणाले. ‘‘मी दहा वर्षांचा. मदरसा बंद, दुकान बंद. अब्बा घरात बसून छताकडं बघायचे. अम्मी म्हणाली, याला घेऊन कुठं तरी जा, नाय तर दोघं वेडे होताल. तर अब्बानं वेताची काठी काढली. दोन महिने रोज पाण्यावर. उजवा हात दुखला की डाव्यात घ्यायची, डावा दुखला की उजव्यात. दुसरं काम काय होतं?’’

एवढंच सांगून त्यांनी बिडी पेटवली.

हात झोळीत अडकवून मी पुढच्या रविवारी त्यांना म्हणालो, ‘‘युसूफभाई, मला डाव्या हातानं शिकवा.’’

‘‘हौ,’’ ते म्हणाले. ‘‘पण पाण्यावर नक्को. आधी गच्चीवर.’’

गच्चीवर का, ते मला नंतर कळलं. गच्चीवर लोक कमी असतात.

त्यांनी तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याच्या, टोकाला गळाऐवजी लोखंडी नट बांधला. वीस पावलांवर एक जुनं घमेलं ठेवलं. नट घमेल्यात पडला पाहिजे. शिकायचं ते सगळं तीन वाक्यांत सांगून झालं. रिळावर तंगूस अडवणारी तार उघडायची. तंगूस पहिल्या बोटाच्या पेरावर धरायचं. काठी मागून पुढं आणायची आणि वेळेला बोट सोडायचं.

‘‘वेळ कोणती?’’

‘‘ती बोटाला कळते.’’

माझ्या बोटाला काही कळत नव्हतं. लवकर सोडलं की नट सरळ आभाळात जायचा आणि आम्ही दोघं डोक्यावर हात धरून उभे राहायचो. उशिरा सोडलं की नट समोर फुटावर आपटायचा. गच्चीच्या फरशीला पहिल्याच दिवशी चौदा टवके गेले. मी ते मोजले कारण आशाबाईनं ते आधीच मोजले होते.

‘‘सर, तुम्ही फेकताय,’’ युसूफभाई म्हणाले. ‘‘फेकना नक्को. छोडना.’’

‘‘फेकल्याशिवाय जाणार कसा?’’

‘‘काठी फेकते. तुम्ही फक्त सोडा.’’

मला हे पटलं नाही. पंचवीस वर्षं मी पोरांना गोळा, थाळी, भाला फेकायला शिकवलेलं. फेक म्हणजे पायापासून ताकद आणायची, कमरेतून वळवायची, खांद्यातून काढायची. घड्याळाचे स्क्रू फिरवणारा माणूस मला फेक शिकवतोय, असं मनात यायचंच. तोंडानं मी ‘बरोबर, बरोबर’ म्हणायचो आणि पायापासून ताकद आणायचो.

दोन आठवड्यांनी मी शास्त्रीय पद्धत काढली. शिट्टी तोंडात धरायची, एक-दोन-तीन मोजायचं, आणि तीनला शिट्टी वाजवून बोट सोडायचं. त्यामुळं शिट्टी अगदी वेळेवर वाजू लागली. नट कुठं जातो ते शिट्टीला माहीत नव्हतं. खालून आशाबाई विचारायची, ‘‘अहो, पाखरं हाकलताय का वर?’’

मार्चमध्ये शेजारच्या सरूबाईंनी त्यांच्या गच्चीवर कुरडया घातल्या. पांढरं लुगडं अंथरून त्यावर ओल्या ओल्या कुरडया, ओळीनं. त्या दिवशी मी एकटाच सराव करत होतो. नट घमेल्याच्या उलट दिशेला गेला. मागंच गेला म्हणा. पडल्याचा आवाज आला नाही, म्हणजे मऊ जागी पडला हे कळलं. घाबरलो आणि रीळ फिरवायला लागलो. नट परत आला तो एक अख्खी कुरडई घेऊन, आणि येताना आणखी चार ओळी मोडून. कठड्यावर ती कुरडई लोंबत असताना सरूबाई वर आल्या.

‘‘सर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मागून घ्यायची की. गळ कशाला टाकता?’’

ही गोष्ट दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्या आधी पोचली होती. स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांनी विचारलं, ‘‘बद्रीनाथ, उद्या पापडाची शिकार का?’’

एप्रिलभर मी कारणं शोधली. रिळाचा दांडा चुकीच्या बाजूला आहे, म्हणून तो काढून दुसरीकडं बसवला. काठी उजव्या हाताची आहे असंही मी युसूफभाईंना म्हणालो. ते बराच वेळ काठीकडं बघत राहिले. म्हणाले, ‘‘सर, काठी गोल आहे.’’ मग वारा आडवा आला, मग ऊन डोळ्यात गेलं. युसूफभाई एकदाही चिडले नाहीत. ते दर रविवारी यायचे, चहा प्यायचे, घमेलं ठेवायचे आणि माझ्यापासून जरा लांब उभे राहायचे. आशाबाई जिन्याच्या तोंडाशी बसून गहू निवडायची. तिला गच्चीवर ऊन बरं पडतं असं ती म्हणायची.

मेमध्ये सुट्टी लागली. झोळी तर केव्हाच सुटली होती, पण उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मी ठरवलं, गच्ची पुरे झाली. घमेल्याचं आणि माझं जमत नसेल, पाण्याचं जमेल. एका बुधवारी भल्या पहाटे कुणाला न सांगता काठी घेऊन तळ्यावर गेलो. ‘नऊपर्यंत येतो’ एवढं आशाबाईला म्हणालो.

पाणी उतरलं होतं. विहिरीचे दगड वर आले होते. तळ्यावर चिटपाखरू नव्हतं. मी बाभळीजवळच्या खडकावर चढलो, कणकेचा गोळा गळाला लावला, काठी डाव्या हातात घेतली, शिट्टी मुद्दाम घरी ठेवली होती. पायापासून ताकद आणली. कमरेतून वळवली. काठी पुढं आली, पण गळ पुढं आला नाही. तो माझ्या शर्टाला मागं, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये अडकला होता. ते मला कळलं नाही, म्हणून मी अजून जोरात ओढलं. तंगूस बाभळीच्या फांदीवरून गेलं, तिला दोन वेढे बसले, आणि काठी हातातून निसटून वर काट्यात जाऊन बसली.

डावा हात पाठीवर मधोमध पोचत नव्हता. उजवा वर जात नव्हता. पुढं सरकलो की कॉलर गळ्याला आवळायची. मागं बाभळीचे काटे. शर्ट काढावा तर बाह्या निघेनात. चाकू होता, पिशवीत, आणि पिशवी खडकाखाली.

मी स्वतःच गळाला लागलो होतो.

पहिला अर्धा तास मी देवाला म्हणत होतो, कुणी येऊ नये. ऊन चढलं तसं म्हणायला लागलो, कुणी तरी यावं. एक म्हशीवाला पलीकडच्या काठानं गेला. त्यानं हात केला. मीही हात केला, डावा. त्याला वाटलं मी नमस्कार करतोय. तो गेला.

अकराच्या सुमाराला बांधावर आशाबाई दिसली. डोक्यावर पदर, हातात डबा आणि पाण्याचा तांब्या. नऊला येतो म्हणालेला माणूस आला नाही म्हणून निघाली होती. खडकाजवळ येऊन तिनं माझ्याकडं बघितलं, वर बाभळीकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. डबा-तांब्या खाली ठेवला. मग तोंडाला पदर लावून ती खाली बसली आणि तिचे खांदे हलायला लागले.

‘‘हसायला काय झालं?’’ मी म्हणालो. ‘‘आधी काढ.’’

‘‘किती येळ झाला?’’

‘‘थोडाच.’’

‘‘मान लाल झालीय उन्हानं.’’

तिनं पिशवीतला चाकू घेऊन गळाभोवतीचा शर्ट कापला. बाभळीतून काठी काढताना तिच्या हाताला दोन काटे लागले, तिनं ते दातांनी उपटले. मी तांब्यातलं पाणी प्यायलो. ती काठी हातात धरून उभी होती. टोक वरखाली हलवून बघत होती.

‘‘हे दोरीवानी बोटानं धरायचं अन् सोडायचं. एवढंच ना?’’ तिनं विचारलं.

‘‘एवढंच म्हणजे? अगं, त्यात खांदा कसा—’’

‘‘सरका तिकडं.’’

तिनं पदर कमरेला खोचला. काठी डाव्या हातात घेतली. तार उघडली, तंगूस पेरावर धरलं. चार महिने ती जिन्यात गहू निवडत होती, तेव्हा तिनं सगळं ऐकलं होतं हे मला त्या क्षणी कळलं. तिनं काठी मागं नेली, काही गडबड नाही, काही ताकद नाही, आणि पुढं आणली. गळ विहिरीच्या अलीकडं हातभर पडला.

‘‘टोकाला जड हाये,’’ ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्यांदा तो विहिरीच्या दगडाला लागला. तिसऱ्यांदा टुप् असा आवाज झाला. दगडांच्या गोलात, मधोमध.

ती खडकावरून उतरली, बाभळीच्या दुसऱ्या अंगाला गेली, जिथून उजव्या हातानं टाकायला मोकळी जागा होती पण विहीर लांब पडायची. तिथं उभी राहून तिनं काठी उजव्या हातात घेतली. दोनदा गळ उणा पडला. तिसऱ्यांदा टुप्.

‘‘कुठं शिकलीस?’’ माझा आवाज जरा चिरका निघाला.

‘‘ह्यात काय शिकायचं? गोफण हाये की ही, लांबडी.’’

तिचं माहेर फुलंब्रीकडचं, ज्वारीचं रान. कणसं हुरड्यात आली की पाखरं उतरतात. मग रानाच्या मध्ये लाकडाचा माळा घालायचा आणि त्यावर उभं राहून दिवसभर गोफण फिरवायची. गोफणीच्या दोन दोऱ्या असतात, एक बोटात अडकवलेली, एक नुसती धरलेली. फिरवता फिरवता धरलेली दोरी सोडायची की दगड सुटतो. लवकर सोडली तर दगड मागं. उशिरा सोडली तर स्वतःच्याच माळ्यावर. आठव्या वर्षापासून ती ते करत होती.

‘‘पण दोन्ही हातांनी?’’

‘‘मी डावरीच की.’’

‘‘डावरी? तू?’’

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं शर्टाला अजून गळ लागलाय.

‘‘तेवीस वर्सं झाली लग्नाला,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्हाला म्हाईत नाय व्हय?’’

आम्ही बाभळीच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. खाताना तिनं सगळं सांगितलं, तक्रार म्हणून नाही, एखाद्या दुसऱ्या बाईचं सांगावं तसं. बापाला डावा हात चालायचा नाही. म्हणून बाप रानात असला की गोफण उजव्या हातात, बाप बाजाराला गेला की डाव्यात. लग्न होऊन आमच्याकडं आली. पहिल्याच हप्त्यात माझ्या आईनं तिच्या हातातली पळी काढून घेतली. डाव्या हातानं वाढलेलं अन्न आमच्यात चालत नाही, म्हणाली. मग भाकरी उजव्या हातानं, झाडू उजव्या हातानं, पाणी उजव्या हातानं. पहिले सहा महिने भाकऱ्या वाकड्या व्हायच्या आणि आई त्या सगळ्यांना दाखवायची.

‘‘मी कुठं होतो?’’ मी विचारलं.

‘‘तिथंच. पाटावर. जेवत होते.’’

‘‘मग मी काय म्हणालो?’’

‘‘तुम्ही म्हणाले, होईल सवय.’’

मला ते आठवत नाही. आजही आठवत नाही. पण तिच्यावर माझा लगेच विश्वास बसला, कारण हेच वाक्य मी शाळेत दर वर्षी म्हणत आलो होतो. कुणी डाव्या हातानं सॅल्यूट केला, डाव्या हातानं चेंडू टाकला की मी हात बदलायला लावायचो. होईल सवय. पंचवीस वर्षं मी मैदानावर ‘बाएं मुड, दाहिने मुड’ ओरडत होतो, आणि घरात कोण कुठल्या हाताचं आहे ते मला माहीत नव्हतं. मी पाणी मागितलं. तिनं तांब्या डाव्या हातानं पुढं केला, मग थबकली आणि उजव्यात घेतला.

‘‘राहू दे की डाव्यात,’’ मी म्हणालो.

‘‘आता काय,’’ ती म्हणाली. ‘‘कुठल्याबी हातानं पाणी सारखंच.’’

मला माफी मागायची होती. ती मागायची कशी ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी म्हणालो, ‘‘मला शिकवशील?’’

‘‘तुम्ही ऐकणार हाये का?’’

‘‘ऐकतो.’’

‘‘बघू,’’ ती म्हणाली आणि डबा आवरला.

तिनं जुन्या नवारीच्या तुकड्याची गोफण विणली. त्या रविवारपासून तळ्याच्या मागच्या उजाड माळावर आमचे पाठ सुरू झाले. काठीला हात लावायचा नाही, ही पहिली अट. शिट्टी नाही, ही दुसरी. पहिला दगड मागं गेला. दुसरा उभा वर गेला. तिसऱ्याच्या वेळी युसूफभाई नुकतेच लूना लावून येत होते, ते परत लूनाच्या मागं जाऊन बसले.

‘‘भाभी,’’ त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं, ‘‘हे काय चाललंय?’’

‘‘सर शिकू राहिले,’’ आशाबाई म्हणाली.

तिनं एक दगड सोडून दाखवला. तो समोरच्या वारुळाचं टोक घेऊन गेला. युसूफभाई उठून जवळ आले. तिच्या हाताकडं बघितलं, डाव्या, मग म्हणाले, ‘‘परत एकदा.’’ तिनं परत सोडला. ‘‘याच्यात आणि काठीत,’’ ते माझ्याकडं वळून म्हणाले, ‘‘काहीच फरक नाही, सर. मला आधी सुचलं असतं तर तुमची फरशी वाचली असती.’’

तिची शिकवायची रीत युसूफभाईंसारखी मवाळ नव्हती. ‘‘अंग आकडू नका.’’ ‘‘दात का खाताय?’’ ‘‘दगडाकडं बघू नका, पाखराकडं बघा.’’ ‘‘पाखरू कुठंय?’’ ‘‘समजा की!’’ पाचव्या दिवशी मी इतका थकलो होतो की पायापासून ताकद आणायला पायात ताकदच उरली नव्हती. कंटाळून नुसती गोफण फिरवली आणि दोरी सुटली. मी सोडली असं म्हणवत नाही. दगड सरळ गेला, लांब गेला आणि जिथं मी बघत होतो तिथं पडला. मी तोंड उघडं ठेवून उभा राहिलो.

‘‘हां,’’ आशाबाई म्हणाली. ‘‘आता हेच इसरू नका.’’

मी लगेच विसरलो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनदा तसंच झालं, आणि मग दहातून चार वेळा. आठवड्यानं तिनं काठी हातात दिली. डाव्या हातानं गळ जाऊ लागला. त्या हाताला आधीचं काही येतच नव्हतं, त्यामुळं विसरायचंही काही नव्हतं.

खरी पंचाईत जूनच्या सुरुवातीला झाली. डॉक्टरांनी उजव्या हाताला परवानगी दिली. मी आनंदानं काठी उजव्या हातात घेतली आणि कणकेचा गोळा गळ सोडून एकटाच पलीकडच्या काठाला गेला. बारा वर्षं मी त्या हातानं चुकीचं टाकत होतो आणि मला ते बरोबर वाटत होतं. आता चूक दिसत होती पण हात ऐकत नव्हता. युसूफभाईंनी मला डाव्यानं तीनदा टाकायला आणि मग उजव्यानं त्याची नक्कल करायला लावलं. माझा उजवा हात, ज्यानं तालुक्याला थाळीफेकीत दुसरा नंबर आणला होता, तो डाव्या हाताकडून उभं राहायला शिकत होता.

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघं तळ्यावर गेलो. आशाबाईनं युसूफभाईंची दुसरी काठी घेतली होती. मी बाभळीजवळच्या खडकावर चढलो. काठी डाव्या हातात. अंग सैल. समजा की तिथं पाखरू आहे. बोट सुटलं. गळ दगडांच्या गोलात मधोमध पडला. टुप्.

मी मागं वळलो. युसूफभाई आणि आशाबाई माशाच्या कालवणात चिंच घालावी की कैरी यावर बोलत होते. दोघांचीही पाठ माझ्याकडं होती.

‘‘बघितलं का?’’ मी म्हणालो.

‘‘काय?’’

‘‘विहिरीत पडला! डाव्या हातानं!’’

‘‘मग परत टाका,’’ आशाबाई म्हणाली, ‘‘बघतो.’’

‘‘परत कशाला? पडलाय तो. इथं येऊन बघा की, तंगूस कुठं जातंय ते!’’ मी काठी खडकावर ठेवली आणि त्यांना ओढून आणायला खाली उतरलो. माझी पावलं चार झाली असतील. मागं खडकावर खर्रकन आवाज झाला. वळून बघतो तर काठी नव्हती. पाण्यावर एक रेघ जात होती, सरळ, विहिरीकडं.

मी पाण्यात धावलो. पायाखाली गाळ होता. गुडघाभर पाण्यात पाय रुतला, मी पुढं पडलो, आणि उठलो तेव्हा चप्पल गेली होती आणि काठीही दिसत नव्हती.

‘‘सर, बाहेर या,’’ युसूफभाई ओरडले. ‘‘विहीर आहे पुढं!’’

मी बाहेर आलो. चिखलानं भरलेला, एक पाय अनवाणी. आशाबाई हसत नव्हती. तिनं तिच्या काठीचा कणकेचा गोळा काढून टाकला, मोठा गळ लावायला युसूफभाईंना सांगितलं, आणि खडकावर चढली. काठी कुठं बुडाली ते तिनं बघून ठेवलं होतं. डाव्या हातानं तिनं गळ त्याच्या पलीकडं टाकला आणि हळूहळू ओढत आणला. काही नाही. परत. पाणवेल आली. परत. पाचव्या का सहाव्या वेळेला तिची काठी वाकली.

‘‘दगड असंल,’’ ती म्हणाली.

दगड नव्हता. तिच्या गळाला माझं तंगूस लागलं होतं. ओढता ओढता माझी काठी वर आली, रिळातून पाणी गळत, आणि युसूफभाईंनी ती पकडली तेव्हा त्यांच्या हाताला पलीकडून जोराचा हिसका बसला.

‘‘अजून आहे!’’ ते म्हणाले.

मग पाव तास ओढाताण चालली. युसूफभाईंनी काठी माझ्या हातात दिली, मी आशाबाईच्या हातात दिली, तिनं ती परत माझ्या हातात दिली. रोहू होता. काठाला आला तेव्हा अडीच-तीन किलोचा असावा. त्याला पाहून आम्ही तिघं चिखलात बसलो.

मासा कुणी धरला यावर मात्र अजून एकमत नाही. माझं म्हणणं, गळ मी विहिरीत टाकला, तेव्हा मासा माझा. आशाबाईचं म्हणणं, मी काठी सोडून पळालो होतो, त्यामुळं माझा काही संबंध राहिला नव्हता. युसूफभाई म्हणाले की मासा स्वतःच लागला, कारण त्या वेळी काठीजवळ कुणीच नव्हतं. कालवणात चिंच पडली. युसूफभाईंनी भिजलेलं रीळ दुकानात नेऊन घड्याळासारखं उघडलं आणि चार दिवसांनी परत आणलं.

त्यानंतरच्या रविवारी आशाबाईनं मला पाच वाजता हलवलं. तिनं पिशवी भरून ठेवली होती, डबा बांधला होता, डोक्यावर पदर घेतला होता.

‘‘उठा. ऊन व्हायच्या आत जाऊ.’’

‘‘आज राहू दे,’’ मी उशीत तोंड खुपसून म्हणालो. ‘‘खांदा दुखतोय.’’

‘‘कंचा?’’

मी दोन्ही हलवून बघितले.

‘‘दोन्ही,’’ मी म्हणालो.

‘‘मग बसा,’’ ती म्हणाली, आणि माझी काठी घेऊन बाहेर युसूफभाईंच्या लूनाचा आवाज येतोय का ते बघायला गेली.